वॉटसनला बोहल्यावर का चढू दिलं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही मालिका पाहिली आहे आणि शेरलॉक होम्सच्या कथांचा लेखक आर्थर कॉनन डॉयलही मुळातून वाचला आहे, हे पहिल्या दोन ओळींतच कळतं. त्यामुळे 'धन्यवाद, मतभेद राहू द्या' एवढ्यावर भागवणं मला पटेना. सविस्तरच लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी संदर्भ देते. ग्रॅनाडा टेलिव्हिजननं १९८४ ते १९९४ या काळात जेरेमी ब्रेटला होम्सच्या भूमिकेत घेऊन शेरलॉक होम्सचे ४१ भाग केले. मूळ कथांशी इमान राखणारी मालिका म्हणून तिचं नाव आहे. तरीही तिच्यात होम्सचा मित्र आणि या कथा सांगणारा डॉ. वॉटसन याचं लग्न कधी झालंच नाही. 'द साइन ऑफ फोर' या कादंबरीत होम्सकडे मदत मागायला आलेली मेरी मॉर्स्टन शेवटी वॉटसनला होकार देते. १९८७ च्या टीव्ही रूपांतरात मात्र ती निघून जाते आणि वॉटसन तिच्या वाटेकडे बघत राहतो. इतक्या निष्ठेनं काम करणाऱ्या मंडळींनी नेमकं हेच का बदललं असावं, यावर मी लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं. यात कोडं कसलं? दोघं एका घरात राहिले की मालिका चालवणं सोपं जातं, विषय संपला. डॉयल तर स्वतःच गाफील. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. नाव जॉन, पण बायको एका कथेत त्याला जेम्स म्हणते. ज्या लेखकाला आपल्या पात्राचं नाव आठवत नाही, त्याच्या 'निर्णयां'त अर्थ शोधणं म्हणजे आपल्या मनातलं त्याच्या माथी मारणं. आणि मालिका म्हणजे शेवटी सोयीसाठी केलेल्या तडजोडी, त्यांना कला म्हणून मिरवू नये.

तुमच्या या शेवटच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्यावर मी भांडणार आहे.

सोयीचीच गोष्ट काढायची तर सुरुवात डॉयलपासून करावी लागेल. १८९० मध्ये 'द साइन ऑफ फोर' आली तेव्हा होम्सच्या कथांची रांग लागणार आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. रहस्य उलगडलं, खजिना थेम्सच्या तळाशी गेला, श्रीमंत वारसदारीण पुन्हा साधी शिक्षिका झाली, म्हणजे वॉटसनला मागणी घालायला संकोच उरला नाही. लग्न ठरलं, कादंबरी संपली. पुढच्याच वर्षी, जुलै १८९१ पासून, 'स्ट्रँड' मासिकात कथा सुरू झाल्या आणि पंचाईत झाली. गोष्ट सांगणारा माणूस आता दुसऱ्या घरी राहतो, त्याची प्रॅक्टिस आहे, संसार आहे. मग दर कथेत त्याला बेकर स्ट्रीटवर, होम्सच्या घरी, आणायची काहीतरी तजवीज करावी लागते. कधी तो पेशंट बघून परतताना खिडकीतली होम्सची सावली पाहून वर जातो. कधी बायको माहेरी गेलेली असते. 'बॉस्कोम व्हॅली'च्या कथेत नवराबायको न्याहारीला बसलेले असताना होम्सची तार येते आणि बायकोच म्हणते की तुमचे पेशंट दुसरे डॉक्टर बघतील, तुम्ही जा.

१८९३ च्या डिसेंबरमध्ये डॉयलनं होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यापाशी संपवलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. आता वॉटसनला पुन्हा जुन्या खोल्यांत आणायचं, तर संसार आडवा येत होता. 'द एम्प्टी हाउस'मध्ये मेरीला त्यानं एका उल्लेखात बाजूला केलं. वॉटसनवर कोसळलेल्या दुःखाची बातमी होम्सला कुठून तरी कळली होती, एवढंच वाचकाला सांगितलंय. कोण गेलं, कशानं गेलं, काही नाही. तिचं नावसुद्धा नाही. कामाला लागणं हाच दुःखावरचा उतारा, असं होम्स म्हणतो आणि दोघं कामाला लागतात. याला सोय म्हणा, मी पुढे जाऊन अन्यायसुद्धा म्हणेन. 'साइन ऑफ फोर'मध्ये वडिलांचे कागद जपून ठेवणारी, नेमके आणून देणारी आणि होम्सकडून त्याबद्दल शाबासकी मिळवणारी ती मुलगी यापेक्षा पुष्कळ जास्त लायकीची होती.

आता लगेच पुढची कथा काढा, 'द नॉरवुड बिल्डर'. वॉटसनची केन्सिंग्टनमधली प्रॅक्टिस विकली जायला हवी होती. 'मी प्रॅक्टिस विकली' या एका वाक्यात काम झालं असतं. डॉयल काय करतो पाहा. व्हर्नर नावाचा एक तरुण डॉक्टर येतो आणि वॉटसननं धीर करून सांगितलेली सगळ्यात चढी किंमत फारशी घासाघीस न करता मोजतो. काही वर्षांनी वॉटसनला कळतं की हा व्हर्नर होम्सचा लांबचा नातेवाईक होता आणि पैसे होम्सनंच उभे केले होते.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या दोन-तीन वाक्यांत आहे. गरज निव्वळ सोयीची होती. ती भागवताना डॉयलच्या हातून होम्सच्या स्वभावाचा असा एक कोपरा उघडला, जो आधी कुठेच दिसला नव्हता. मित्र परत आपल्या घरात यावा म्हणून गुपचूप पैसे मोजणारा आणि पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल चकार शब्द न काढणारा होम्स. सोय होती म्हणून हे घडलं, हे तुमचं उत्तर खरं आहे. पण मालिकेच्या सोयीसाठी शंभर गोष्टी करता येतात. त्यातली हीच का केली आणि तिचं पुढे काय केलं, हा प्रश्न त्या उत्तरानं मिटत नाही.

जखमेचं आणि 'जेम्स'चं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. त्या चुकाच आहेत. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेनं 'जेम्स'चा खुलासा मोठ्या कौशल्यानं केला होता. जॉन एच. वॉटसनमधला 'एच' म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. खुलासा सुरेख आहे, पण मी जे करते आहे ते हे नव्हे. जखम खांद्यावरून पायाला गेली म्हणून कुणी कुणाशी वेगळं वागत नाही, कुणाच्या आयुष्याला वळण लागत नाही. लग्न होणं किंवा न होणं याचे परिणाम मात्र दोन माणसांना भोगावे लागतात. म्हणून पहिली गोष्ट विसरभोळेपणाच्या खात्यात टाकून मी मोकळी होते आणि दुसरीपाशी थांबते. एक माणूस दोन्ही करू शकतो. मासिकाची तारीख गाठण्याच्या घाईत लिहिणारा डॉयल तर नक्कीच.

आता ग्रॅनाडाकडे येऊ. निर्माता मायकेल कॉक्स यांना वॉटसनची प्रतिष्ठा परत मिळवून द्यायची होती. बेसिल रॅथबोनच्या जुन्या सिनेमांत नायजेल ब्रूसनं रंगवलेला वॉटसन बावळट, प्रेमळ काका होऊन बसला होता, आणि दोन पिढ्यांच्या डोक्यात तोच पक्का झाला होता. इथे त्यांना मुळातला वॉटसन हवा होता, लढाई पाहिलेला, समंजस, बायकांशी अदबीनं वागणारा. अशा माणसाला मेरी आवडावी आणि त्यानं तिला विचारूच नये, हे विसंगत वाटतं. मागच्या लेखात मी याच विसंगतीवर अडले होते.

कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी एक छोटा संवाद आहे. मेरी नुकतीच गेली आहे. वॉटसन म्हणतो, किती आकर्षक मुलगी! होम्स आळसावून विचारतो, होती का? माझ्या लक्षात नाही आलं. पुस्तकात ही ओळ खेळकर आहे, कारण आपल्यापुढे अख्खी प्रेमकथा उलगडायची आहे. ग्रॅनाडानं हाच संवाद उचलून अगदी शेवटी ठेवला. वॉटसन तेच म्हणतो, होम्स जवळपास तेच उत्तर देतो, पण आता पुढे काहीच यायचं नाही. एक शब्दही नवा न लिहिता अर्थ उलटा झाला. ज्याच्या लक्षात काहीही सुटत नाही त्या माणसाला हे दिसलं नसेल, यावर मी विश्वास ठेवत नाही. ब्रेटचा होम्स ते पाहतो, आणि मित्राला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून न पाहिल्याचं सांगतो, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

या बदलामुळे एक गोष्ट गमवावी लागली. कादंबरीच्या अखेरीस वॉटसन म्हणतो की सगळं काम तू केलंस, मला बायको मिळाली, पोलिसाला श्रेय मिळालं, तुझ्या वाट्याला काय राहिलं? होम्स म्हणतो, माझ्यासाठी कोकेनची बाटली आहेच की, आणि तिच्याकडे आपला लांब गोरा हात पुढे करतो. डॉयलनं लिहिलेल्या सगळ्यात कठोर शेवटांपैकी हा एक आहे. वॉटसनचं लग्न नाही, तर हा शेवटही नाही.

ग्रॅनाडानं यावर काय केलं ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही, आणि नेमकी तीच बाजू मला महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, 'द डेव्हिल्स फूट' आला. आजारी होम्सला घेऊन वॉटसन कॉर्नवॉलला गेला आहे. त्या भागात होम्स समुद्रकाठच्या वाळूत आपली सिरिंज पुरून टाकतो. हे मूळ कथेत नाही. त्यासाठी ब्रेटनं डॉयल यांच्या कन्या डेम जीन कॉनन डॉयल यांची संमती घेतली होती. आधार मात्र डॉयलमध्येच आहे. १९०४ च्या एका कथेत वॉटसन सांगतो की होम्सचं ते व्यसन त्यानं हळूहळू सोडवत आणलं. कादंबरीत वॉटसन जातो आणि होम्सजवळ बाटली राहते. मालिकेत वॉटसन राहतो आणि बाटली जाते. हे दोन बदल मी एकत्र वाचते. पहिला सोयीपोटी झाला असेल, मला वाद घालायचा नाही. दुसरा करायची कुणाचीही सक्ती नव्हती.

त्याच भागात दोघं विषारी पूड दिव्यावर जाळून स्वतःवरच प्रयोग करतात. मूळ कथेत वॉटसन कसाबसा भानावर येतो आणि होम्सला ओढत बाहेर आणतो. मग होम्स थरथरत्या आवाजात त्याचे आभार मानतो, माफी मागतो. त्याचं मन इतकं उघडं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, असं वॉटसन लिहितो. ब्रेट शुद्धीवर येताना 'जॉन!' असं ओरडतो. सबंध मूळ साहित्यात होम्स आपल्या मित्राला पहिल्या नावानं एकदाही हाक मारत नाही. त्या काळचे दोन इंग्रज सद्गृहस्थ तशी मारणारच नाहीत. म्हणून तर ती हाक अंगावर येते. वॉटसन दुसऱ्या घरी नांदत असता तर हीच हाक इतकी खोल गेली असती का? मला नाही वाटत.

तुम्ही डेव्हिड बर्कबद्दल लिहिलंय की 'पहिला वॉटसन सोडून गेला तिथेच मालिकेची सलगता गेली, आणि त्यालाही तुम्ही आता कलात्मक निर्णय म्हणाल.' निर्णय म्हणणार नाही. बर्क यांना बायको आणि लहान मुलाजवळ राहायचं होतं म्हणून त्यांनी मालिका सोडली आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले, ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे. पण त्यांचा शेवटचा भाग 'द फायनल प्रॉब्लेम' होता आणि एडवर्ड हार्डविक यांचा पहिला 'द एम्प्टी हाउस'. कथेत या दोहोंच्या मध्ये तीन वर्षं जातात. होम्स मेला असं समजून वॉटसननं काढलेली तीन वर्षं. बर्कचा वॉटसन उत्साही, चटकन हसणारा, होम्सच्या करामतींनी दिपणारा. हार्डविकचा वयानं मोठा वाटतो, कमी बोलतो, होम्सवर नजर ठेवून असतो. नट बदलला तो घरगुती कारणानं. पण शोकातून गेलेला माणूस बदललेला दिसावा, हे प्रेक्षकाला आपोआप पटलं. ही सांध्याची जागा त्यांना आयती मिळाली, आणि पुढच्या लेखनात, अभिनयात त्यांनी ती वाया जाऊ दिली नाही.

तडजोडीनं नुकसानही होतं, आणि या मालिकेत ते फार झालं. 'थ्री गॅरिडेब्स' ही डॉयलची उशिराची, तशी बेताची कथा. तिच्यात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी बाकी सगळं माफ करावं. वॉटसनला गोळी लागते. होम्सचा तोल सुटतो. तुला लागलं नाही ना, असं तो देवाची आण घालून विचारतो, आणि वॉटसनला क्षणभर त्या थंड मुखवट्यामागचं सगळं प्रेम दिसतं. हे पाहण्यासाठी अनेक जखमा सोसल्या असत्या, असं तो लिहितो. ब्रेट आणि हार्डविक यांनी हा प्रसंग कसा केला असता! १९९४ मध्ये ही कथा 'माझरिन स्टोन'मध्ये मिसळून घेतली गेली तेव्हा ब्रेट इतके आजारी होते की होम्सचं बहुतेक काम त्याच्या थोरल्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या, गळ्यात घालावं लागलं. तो प्रसंग त्या दोघांच्या वाट्याला आलाच नाही. दहा वर्षं ज्या मैत्रीची बांधणी चालली होती तिचा कळसच राहून गेला. पुढच्या वर्षी ब्रेट गेले. इथे तुमचं वाक्य मी शब्दशः स्वीकारते. ही निव्वळ नाइलाजाची तडजोड होती, आणि तिच्यातून काहीही उगवलं नाही.

म्हणजे सोयीपोटी केलेल्या सगळ्याच गोष्टींची मी आरती ओवाळत नाहीये. व्हर्नरचे पैसे, शेवटी नेलेली ती ओळ, वाळूत पुरलेली सिरिंज एकीकडे, आणि मेरीचं नाव न घेता उरकलेला तिचा मृत्यू, हुकलेला गॅरिडेब प्रसंग दुसरीकडे. कारणं दोन्हीकडे सारखीच रुक्ष आहेत. तरी त्या एकसारख्या नाहीत, आणि का नाहीत हे शोधण्यात मला गोडी आहे.

एक विनंती. तुम्ही लिहिलंय की 'डेव्हिल्स फूट' पाहून फार वर्षं झाली. 'द साइन ऑफ फोर' आणि तो, असे दोन्ही भाग लागोपाठ, याच क्रमानं पाहा. त्यानंतरही ते दोन बदल एकमेकांशी जोडलेले वाटले नाहीत, तर कुठे जोड तुटते ते जरूर लिहा. बर्क की हार्डविक हा वाद मात्र मला तुमच्याशी पुन्हा सुरू करायचा नाही. 'स्पेकल्ड बँड'मधल्या रात्री अंधारात बसलेला बर्क मलाही तुमच्याइतकाच आवडतो.