हिंमत असेल तर बाहेर येऊन बोल

काल कट्ट्यावर दीड तास एकाच वाक्यावर गेला. सभागृहात कुणी आरोप केला की समोरचा हमखास म्हणतो ना, "हिंमत असेल तर बाहेर येऊन बोला", तेच वाक्य. पप्याचं म्हणणं, बरोबरच बोलतात की, आत बसून कुणालाही चोर म्हणायचं आणि केस मात्र होणार नाही, हे कुठलं शौर्य, आपण साधं एखाद्या ग्रुपवर लिहिलं तरी नोटीस येते.

आमचा वकील लगेच सुरू. खासदारांना अनुच्छेद 105, आमदारांना 194, सभागृहात किंवा समितीत जे बोललं किंवा जे मत दिलं त्यावरून कोर्टात खेचता येत नाही. 1969 साली लोकसभेत पुरीच्या शंकराचार्यांवरून चर्चा झाली, त्यातल्या बोलण्यावरून त्यांच्या भक्तांनी 26 हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि प्रतिवादी कोण, तर चर्चेच्या वेळचे लोकसभा अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी आणि चक्क आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे गृहमंत्री. 1970 ला सुप्रीम कोर्टाने दावा उडवला. घटनेत 'काहीही' बोललं तरी असं लिहिलंय ना, मग काहीही म्हणजे सगळंच, लगाम घालायचा तो अध्यक्षांनी आणि सदस्यांच्या अकलेने.

"अकलेने!" पप्या एवढ्या जोरात हसला की पलीकडचे दोघं वळून बघायला लागले.

मास्तर एरवी गप्प असतात, काल भडकले. म्हणाले, अरे हे संरक्षण फुकट मिळालेलं नाही, इंग्लंडात 1629 ला जॉन एलियट नावाचा खासदार राजाविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगात टाकला आणि तिथेच मेला, मग 1689 ला कायद्यात आलं की पार्लमेंटातल्या बोलण्याचा जाब कोर्टात विचारायचा नाही. आणि लांब कशाला जातो, मुंदडा प्रकरण घे. 1957 ला फिरोज गांधी उभे राहिले, स्वतःच्याच पक्षाचं सरकार, सासरे पंतप्रधान, तरी विचारलं की एलआयसीने लोकांच्या पैशातून सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर्स उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांचे का घेतले. छागला आयोग बसला, टी. टी. कृष्णम्माचारींना अर्थमंत्रीपद सोडावं लागलं. हेच बाहेर बोलले असते तर आधी उद्योगपतीच्या वकिलाचं पत्र आलं असतं आणि पुढची दहा वर्षं तारखा.

इथे पप्या जरा नरमला. पण हार मानेल तो पप्या कसला, म्हणे ठीक आहे, बोलण्याचं समजलं, पण पैसे खाऊन मत दिलं तर?

तर ऐका. 1993 चा अविश्वास ठराव, नरसिंह रावांचं सरकार वाचलं आणि काही खासदारांनी त्यासाठी लाच घेतल्याचा आरोप झाला. 1998 ला सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला की पैसे घेऊन ज्यांनी मत दिलं त्यांना संरक्षण, आणि ज्याने पैसे घेऊन मतच दिलं नाही असा आरोप होता त्याला संरक्षण नाही. पप्या म्हणाला म्हणजे बेइमानी इमानदारीने केली तर माफ! हे मात्र मानलं, इतकं थोडक्यात वकिलालाही सांगता आलं नसतं. 4 मार्च 2024 ला सात न्यायाधीशांनी एकमताने तो निकाल फिरवला, लाच घेतली तिथेच गुन्हा झाला, पुढे मत दिलं की नाही, भाषण केलं की नाही याच्याशी संबंध नाही. बोलण्याचं संरक्षण मात्र तसंच आहे.

आता माझं. मला आमदार-खासदारांची काळजी नाही, ते एकमेकांना बघून घेतील, हक्कभंग आणतील, निलंबन करतील. प्रश्न आहे तो ज्याचं नाव सभागृहात घेतलं जातं आणि जो तिथे नसतो त्याचा. साधा अधिकारी, एखादी बाई, कुणीही. तो कोर्टात जाऊ शकत नाही, सभागृहात उभा राहू शकत नाही. फार तर अध्यक्ष ते शब्द कामकाजातून काढून टाकतात, पण लाईव्ह चाललेलं असतं हो, क्लिप तोवर गावभर झालेली असते, आणि गंमत म्हणजे काढलेला शब्द पेपरने छापला तर हक्कभंग पेपरवर.

पप्या म्हणाला मग जर्मनीसारखं करा, कारण वकील मघाशी बोलून गेला होता की तिथल्या घटनेत जाणूनबुजून केलेल्या खोट्या बदनामीला हे संरक्षण नाही. मास्तर म्हणाले, जाणूनबुजून केली हे ठरवणार कोण, आपल्याकडे आधी एफआयआर होईल आणि ती कुणावर होईल हे सांगायला ज्योतिषी नको, कायम विरोधी बाकावरच्यावर. हे मला पटलं. खोटं बोलणाऱ्या दहा जणांना आवरायला जाऊन एका फिरोज गांधींचं तोंड बंद होणार असेल तर नको तो कायदा.

पण ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने 1988 पासून एक सोय केलीय, जिचं नाव घेतलं गेलं ती बाहेरची व्यक्ती लेखी उत्तर देऊ शकते, समितीने बघितलं की ते सभागृहाच्या नोंदीत जातं. खटला नाही, दंड नाही, फक्त जिथे चिखल उडाला तिथेच तुमचं म्हणणं. मी म्हटलं एवढं तरी करा.

"वाचणार कोण ते?" पप्या.

मास्तर म्हणाले, अरे वाचू नकोत, पण पन्नास वर्षांनी कुणी ते भाषण उघडलं तर शेजारी त्या माणसाचं उत्तर दिसायला नको का. पप्या म्हणे पन्नास वर्षांनी काय करायचंय, त्याच्या पोरीचं लग्न यंदा आहे. यावर वकीलही गप्प बसला.