ताण आला की दार लावून बसायचं? मुळीच नाही!

‘ताणमुक्तीचे चार नियम’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. कणखर माणसाला ताण येत नाही. ताणात व्यायाम टाळा, कॉर्टिसॉल (ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक) वाढतं. मनातलं कुणाला सांगू नका, बोललं की ताण दुप्पट होतो. आणि बरं वाटेपर्यंत माणसांपासून लांब राहा. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण नोकरी गेल्यामुळे आधीच खचलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने ते मनावर घेतलं. संध्याकाळचं फिरणं बंद, आमचे फोन उचलणं बंद. आता गप्प बसवत नाही.

कणखरपणाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक स्रवतं, छाती धडधडते. हे प्रत्येकाच्या शरीरात होतं.

व्यायामाबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. दमछाक करणाऱ्या व्यायामाने कॉर्टिसॉल वाढतं. पण ते थोड्या वेळाने उतरतं, हे मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय. साध्या चालण्याने तर ते फारसं चढतही नाही. उलट नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता कमी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, ती उगाच नाही.

खरा संताप येतो तो उरलेल्या दोन नियमांचा. आधीच कोलमडलेल्या माणसाला एकटं पाडायचं आणि वर त्याला उपाय म्हणायचं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना एकेक करून एमआरआय यंत्रात झोपवलं. समोर खूण उमटायची: आता घोट्याला विजेचा झटका बसू शकतो. कधी त्यांच्या हातात नवऱ्याचा हात असे, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याला प्रतिसाद देणारी हालचाल सर्वांत जास्त निवळली. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला. नातं जितकं समाधानाचं, तितका परिणाम मोठा. प्रयोग लहान होता, पण बघा, इथे कुणी सल्ला दिला नाही, अडचण सोडवली नाही. झटक्याची भीती तशीच होती. फक्त सोबत होती.

हो, तेच दुखणं रोज उगाळत बसल्याने मन हलकं होत नाही. आणि ऐकणारा लगेच उपदेश सुरू करणारा असेल तर त्रास वाढतोच. मग माणूस बदला, तोंड कशाला शिवून घ्यायचं?

हा मेसेज तुमच्या घरातल्या कुणी मनावर घेतला असेल, तर वाद घालू नका. ‘काय झालंय ते सांग’ असा लकडाही लावू नका. ‘चल, जरा पाय मोकळे करून येऊ’ म्हणा आणि सोबत चाला. ती व्यक्ती बोलली तर ऐका, नाही बोलली तरी चालेल. झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणं नकोसं झाल्याची भाषा येत असेल, तर मात्र थांबू नका. डॉक्टरांकडे त्याच दिवशी, तिच्यासोबत जा.