मॅडोनाला ‘घरी बसवणाऱ्या’ संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर भाच्याने एक लांबलचक संदेश टाकला. अमेरिकी पॉप गायिका मॅडोनाचा काळ संपला आहे, टेलर स्विफ्ट, बियॉन्से आणि लेडी गागा या नंतरच्या गायिकांनी तिला प्रत्येक बाबतीत मागे टाकले आहे आणि आता म्हातारपणी तरी तिने अंगविक्षेप थांबवून घरी बसावे, असा त्याचा आशय होता. असले संदेश एरवी मी वाचून सोडून देते. परंतु माझी थोरली बहीण ६२ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस सोलापुरात सात रस्त्याजवळ झुंबाच्या, म्हणजे संगीतावर नाचत करायच्या व्यायामाच्या, वर्गाला जाते. तिने तो संदेश वाचला, “खरंच आहे गं, वयाला शोभेल तेच करावं,” असे मला फोनवर सांगितले आणि सोमवारी ती वर्गाला गेली नाही. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला दावा गाण्यांच्या क्रमवारीचा आहे. बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत पहिल्या दहांत सर्वाधिक गाणी पोहोचवणारी गायिका हा मान ३८ गाण्यांसह मॅडोनाकडे होता, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने तो मिळवला, इतके खरे आहे. मात्र त्या आठवड्यात पहिले दहाही क्रमांक टेलरच्या एकाच नव्या अल्बममधील गाण्यांनी व्यापले होते, आणि हे कशामुळे शक्य झाले याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. आज अल्बम आला की लोक पहिल्याच रात्री त्यातले प्रत्येक गाणे मोबाइलवर ऐकतात आणि त्या ऐकण्याची नोंद क्रमवारीत धरली जाते. याउलट डिसेंबर १९९८ पर्यंत नियम असा होता की, जे गाणे एकेरी तबकडी (सिंगल) म्हणून स्वतंत्रपणे विक्रीला आले असेल, तेच यादीत घ्यायचे. १९८५ मधील ‘इन्टू द ग्रूव्ह’ हे मॅडोनाचे ब्रिटनमधील पहिले अव्वल क्रमांकाचे गाणे. अमेरिकेत मात्र ते दुसऱ्या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला दिले गेले आणि त्यामुळे ‘हॉट १००’ मध्ये त्याची नोंदच झाली नाही. इतके गाजलेले गाणे ज्या हिशेबात धरलेलेच नाही, त्या हिशेबावरून कोण मोठी हे ठरवता येत नाही.

दुसरा दावा पैशांचा. टेलरच्या १४९ प्रयोगांच्या दौऱ्याने दोनशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि त्याच्या जवळपासही मॅडोना नाही, हे मान्य. तिच्या २००८-०९ च्या दौऱ्याची कमाई चाळीस कोटी डॉलरच्या वर होती आणि गायिकांमधील तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला, एवढे नमूद करून पुढे जाते.

तिसरा मुद्दा गर्दीचा. ४ मे २०२४ रोजी ब्राझीलमधील रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर मॅडोनाच्या विनामूल्य कार्यक्रमाला तिथल्या प्रशासनाच्या अंदाजाने १६ लाख लोक आले. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, यावरून त्या गर्दीची कल्पना करावी. पुढच्याच वर्षी त्याच किनाऱ्यावर लेडी गागासाठी २१ लाख लोक जमले, तेव्हा हा आकडा गागाचाच मोठा, हेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

‘तिने केवळ वाद माजवून नाव कमावले’ हा चौथा दावा निव्वळ अज्ञानाचा आहे. एड्सचे नाव घ्यायला लोक कचरत होते त्या काळात, १९८९ मध्ये, तिने आपल्या अल्बमसोबत त्या रोगाची माहिती देणारे पत्रक घातले होते. ज्या बियॉन्सेचे नाव पुढे केले जाते, तिने २०२२ मध्ये आपल्या गाण्याच्या एका आवृत्तीत मॅडोनाचेच जुने गाणे मिसळले, आणि टेलरने २०१५ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात मॅडोनाच्या गाण्याला गिटारची साथ केली.

आता पाचवा दावा, म्हणजे वयाचा. माझा खरा राग याच दाव्यावर आहे. २०२४ मध्ये गायक मिक जॅगर ८० वर्षांचा असताना आपल्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडबरोबर अमेरिकाभर गात आणि नाचत फिरला, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनेही त्याच वर्षी ऐंशी ओलांडल्यावर दौरा केला, आणि त्यांना घरी बसायला सांगणारा संदेश आमच्या गटावर कधीही आला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बिलबोर्डचा वर्षातील सर्वोत्तम स्त्रीचा सन्मान स्वीकारताना मॅडोनाने सांगितले होते की, आपण केलेली सर्वांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे आपण टिकून राहिलो. ते संपूर्ण भाषण इंटरनेटवर उपलब्ध आहे आणि संदेश पुढे पाठवण्याआधी भाच्याने ते ऐकायला हवे होते. २०१९-२० च्या दौऱ्यात गुडघ्याच्या आणि कमरेच्या दुखण्यामुळे तिला अनेक प्रयोग रद्द करावे लागले, जून २०२३ मध्ये गंभीर जंतुसंसर्गामुळे ती अतिदक्षता विभागात होती, आणि तरीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती लंडनच्या रंगमंचावर उभी राहिली. या बाईला वयाची लाज वाटावी, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

ताईचेही गुडघे दुखतात. वर्गासाठी घेतलेले पांढरे बूट ती दर वेळी घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून दाराशी ठेवत असे. बुधवारी मी गेले, तेव्हा ते पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर टाकलेले होते. भाच्याने नुसता संदेश काढून टाकून भागणार नाही. त्याने मावशीला स्वतः फोन करावा. पुढचा वर्ग शुक्रवारी सकाळी सात वाजता आहे.