टिंबरबॉर्न: पाण्याची जाण असलेला गेम, पण खालचं गाव नसलेला

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्या आणि कृष्णाकाठी राहणाऱ्या प्रत्येकानं 'टिंबरबॉर्न' एकदा तरी खेळावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि खेळून झाल्यावर त्यात काय राहून गेलंय त्यावरही बोलावं. दोन्ही नीट सांगायचंय म्हणून पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.

मला या प्रकारच्या गेमचा नाद शाळेपासूनचा. विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळायचो. त्यात नदी म्हणजे निळा पट्टा. मासे पकडा, जहाजं सोडा, उथळ जागा बघून सैन्य पलीकडं न्या, विषय संपला. 'सीझर ३' मध्ये पाटानं पाणी आणून शहरभर कारंजी बसवायची, पण ते पाणी कधी आटायचं नाही. २०१४ च्या 'बॅनिश्ड'नं हिवाळ्याची धास्ती दाखवली. 'रिमवर्ल्ड'मध्ये लुटारू येतात, माणसं एकमेकांवर चिडतात, वेडी होतात, पण तहानेनं कोणी मरत नाही. इतके खोल, इतके विचार करून बनवलेले गेम, आणि सगळ्यांनी पाणी गृहीत धरलेलं. सांगली-साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे खटकणारच. आपल्याकडं पाणी हाच पहिला विषय असतो, आणि बऱ्याचदा शेवटचाही.

टिंबरबॉर्न पोलंडच्या मेकॅनिस्ट्री नावाच्या स्टुडिओनं बनवलाय, सप्टेंबर २०२१ मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला. माणूस पृथ्वीवरून संपलाय, त्यानं करून ठेवलेली नासाडी मागं उरलीय आणि बीव्हर नावाच्या प्राण्यांनी वस्ती उभारायला घेतलीय. बीव्हर आपल्याकडं नसतो. आपल्या नद्यांत पाणमांजर असतं, ते वेगळं. बीव्हर दातांनी झाडं पाडतो, ओढ्यावर लाकूड-चिखलाचा बंधारा घालतो आणि मागं साठलेल्या पाण्यात घर करतो. त्याच्या दातांच्या वरच्या थरात लोह असतं, म्हणून ते नारिंगी दिसतात. गेममधल्या दोन टोळ्यांपैकी एकीचं नाव 'आयर्न टीथ' आहे ते उगाच नाही. दुसरी टोळी 'फोकटेल्स', शेतीवाडीत रमणारी.

या गेममध्ये शत्रू नाही. कोणी चालून येत नाही. चांगला काळ असतो, मग दुष्काळ येतो, पुन्हा चांगला काळ. दुष्काळात नदीचे उगमच बंद होतात. सुरुवातीचे दुष्काळ छोटे, नंतर ते लांबत जातात. तेवढ्यात प्यायचं पाणी, पिकं आणि झाडं तगवायची. वाचताना सोपं वाटतं. पण पाणी इथं खरोखर वाहतं. उंचावरून उतारावर येतं, अडवलं की मागं चढतं, फट मिळाली की तिथनं निघून जातं. मी एवढा काळ असे गेम खेळतोय, पाण्याचं वागणं इतक्या इमानदारीनं दाखवलेला दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

एक साधी गोष्ट घ्या. पाण्यालगतची जमीन हिरवी होते, लांबची तपकिरी राहते. ही ओल सपाटीवर बरीच पसरते, पण चढ आला की लगेच तुटते. स्क्रीनवर ती रेघ अगदी ठसठशीत दिसते: अलीकडं गाजराचा मळा, पलीकडं खडखडीत माळ. विट्याहून आटपाडीकडं गाडीनं गेलेल्यांना ही रेघ ओळखीची वाटेल. टेंभू उपसा योजनेचं पाणी जिथवर पोचलंय तिथवर ऊस, डाळिंब, आणि जरा वर नजर गेली की कुसळाचा माळ.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. साठवलेल्या पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा, तितकं ते उडून जाणार. यूट्यूबवरच्या एका खेळाडूची भलीमोठी वस्ती मी आटपाडीच्या मामांना दाखवत होतो. मामांचं स्वतःचं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद घातलेलं. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "अरे, ह्यानं एवढं पसरून कशाला घातलंय? उन्हानंच निम्मं जाईल की. जरा खोल घ्यायचं." मामांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. पुढच्या दुष्काळात त्या खेळाडूचा पसरट तलाव तळाला गेला आणि खोल खणलेली बाजूची विहीरवजा टाकी मात्र भरलेली राहिली. मग मामा शेवटपर्यंत बसले बघत. दुपारी झोपायचं असतं तेही विसरले. एखादा गेम शेतकऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळावा आणि त्याचा अंदाज गेमच्या आतही बरोबर ठरावा, याहून मोठी पावती कोणती? मला तरी सुचत नाही.

फ्लडगेटवर तर मी फिदा आहे. हा दरवाजा हवा तेवढा उंच किंवा बुटका करता येतो आणि पाणी त्याच्या माथ्यावरून जातं. आपल्या केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, वरून एकेक काढाव्यात तसंच हे काम. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाच्या आधी काढायचे. गेममध्ये दुष्काळ लागायच्या बेतात दरवाजे वर घ्यायचे, पाणी परतलं की खाली. उशीर केला तर नदीच निघून जाते, आणि उतरवायला विसरलात तर परतलेलं पाणी मागं चढून मळ्यात शिरतं. पाण्याखाली गेलेलं पीक मरतं, बुडालेली इमारत बंद पडते. बंधारा घातलाय एका ठिकाणी आणि बुडतंय बरंच वर, हे चित्र स्क्रीनवर हळूहळू घडताना दिसतं. 'फुगवटा' हा शब्द आपण कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या निमित्तानं इतकी वर्षं पेपरात वाचतोय. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायच्या कर्नाटकाच्या मागणीला सांगली-कोल्हापूरकर विरोध का करतात, ते बाहेरच्या माणसाला सांगायचं झालं तर मी आता आधी हा गेम उघडून दाखवीन. कुठल्या धरणामुळं किती पाणी चढतं हा अभ्यासकांचा विषय, गेमवरून त्याचा निकाल लागत नाही. पण लोकांना भीती कसली वाटते, ते दहा मिनिटांत कळतं.

आणखी एक फार खरी अडचण या गेमनं पकडलीय. उंचावर पाणी न्यायचं तर पंप लागतो, मोठ्या पंपाला शक्ती लागते. ती पाणचक्कीतून मिळते. दुष्काळात प्रवाह थांबला की पाणचक्की थांबते. म्हणजे उपशाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच शक्ती नसते. मग पवनचक्की उभारा, लाकडावर चालणारं इंजिन लावा, शक्ती आधी साठवून ठेवा. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांचे पंप वीजबिलापायी ऐन गरजेच्या वेळी बंद पडलेले ज्यांनी पाहिलेत, ८१-१९ चा फॉर्म्युला (वीजबिलाचे ८१ टक्के सरकारनं, १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे) येईपर्यंतची ओढाताण ज्यांनी भोगलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी उचलायचं गणित शेवटी विजेपाशी येऊन थांबतं. वॉर्सापासून कृष्णाकाठापर्यंत सगळीकडं सारखंच.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बीव्हरांना खूश ठेवण्यासाठी झुडपं, पुतळे, कंदील लावत बसायचा भाग मला कंटाळवाणा वाटतो. वस्ती मोठी झाली की साधा लॅपटॉप दमतो. आणि मुख्य म्हणजे, डायनामाइट हाताशी आलं की उत्तरार्धात ताण संपतो. डोंगर फोडा, अजस्र तलाव करा, कितीही लांब दुष्काळ येऊ दे, काही बिघडत नाही. नंतरच्या अपडेटमध्ये दूषित पाण्याचे लोंढे आले, बॅडवॉटर, त्यानं थोडी धार आली. कारखान्याच्या मळीनं मेलेले मासे ज्यांनी नदीत तरंगताना पाहिलेत त्यांना तो भाग अंगावर येईल. तरी शेवटी सगळं अडवून, साठवून, बंदिस्त करून मोकळं होता येतं.

आणि इथंच माझी खरी तक्रार आहे. टिंबरबॉर्नमध्ये नदी नकाशाच्या कडेला जाते आणि संपते. खाली कोणी राहत नाही. एक थेंबही पुढं जाऊ दिला नाही तरी कोणी विचारणार नाही. धरण तुडुंब भरलं आणि सगळे दरवाजे एकदम उघडले तरी कोणाच्या घरात पाणी शिरणार नाही. नदीचं तोंडच फिरवून दुसऱ्या कडेनं बाहेर काढलं तरी चालतं.

आपण सांगलीकर आयुष्यभर खालच्या गावातच राहतो. वर कोयना धरण आहे, १०५.२५ टीएमसीचं. वारणा हरिपुरापाशी येऊन मिळते. ऑगस्ट उजाडला की शहरात दोनच प्रश्न असतात: कोयनेतून किती सोडलं, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही सांगलीच्या गावभागातले. वरच्या मजल्यावर बसून मोबाईलवर येणारा प्रत्येक आकडा आई मोठ्यानं वाचायची, आणि बाबा जिन्याच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलंय ते बघून यायचे. विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला की तो आकडा पायऱ्यांवर दिसायला किती वेळ लागेल याचा हिशेब चालायचा. गेममध्ये पाण्याची खोली मोजायला 'स्ट्रीम गेज' नावाचा खांब असतो. तो उभा केला की मला आयर्विनच्या खांबावरचे आकडेच दिसतात. फरक एवढाच की गेममधला खांब आपण आपल्यासाठी उभा करतो. आयर्विनचा आकडा वरच्यांनी खालच्यांसाठी बघायचा असतो.

पाण्याचे नियम, करार, भांडणं, तडजोडी हे सगळं जन्माला येतं ते खाली कोणीतरी आहे म्हणून. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडं नेऊन वीज करतात आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पण किती न्यायचं याला कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी. लवाद का बसला? कारण खाली कर्नाटक आहे, आंध्र आहे. आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा घेतल्या त्या कशासाठी? नदी वाहते एकीकडं आणि तहान दुसरीकडं, म्हणून. बलवडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, त्यात भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असावा हा आग्रह धरला. पाणी अडवण्याइतकंच ते वाटायचं कसं, हाही त्यांच्या दृष्टीनं धरणाचाच भाग होता. मला तर हे डायनामाइटपेक्षा शंभर पटीनं अवघड आणि म्हणूनच खेळायला शंभर पटीनं रंगतदार वाटतं. स्ट्रॅटेजी गेमला याहून चांगला मालमसाला कुठं मिळणार?

मेकॅनिस्ट्रीनं कधीतरी हे करावं असं मनापासून वाटतं. नकाशाच्या खालच्या कडेला दुसरी वस्ती असावी, आपल्या ताब्यात नसलेली. तिला ठराविक पाणी पोचलं नाही तर तिच्याशी व्यापार थांबावा, एकदम सोडलं तर तिचं नुकसान आपल्या हिशेबात यावं. आणि वरच्या कडेलाही एक वस्ती असावी, जिच्या दरवाजांवर आपला काही अधिकार नाही. पाण्याचं गणित करणारं इंजिन त्यांच्याकडं तयारच आहे.

तोवर मी एक नियम घालून खेळतो. तळाच्या कडेला, पाणी बाहेर पडतं तिथं, स्ट्रीम गेज उभा करायचा. दुष्काळातही त्यावरची पातळी शून्यावर येऊ द्यायची नाही. आणि पाणी परत आलं की एका ठरवलेल्या खोलीच्या वर ती जाऊ द्यायची नाही. एवढ्या एका नियमानं सगळा गेम बदलतो. लोकसंख्या आवरती घ्यावी लागते, कारण साठ्यातला एक हिस्सा आपला नसतोच. पसरट तलाव परवडत नाही. दुष्काळ सरल्यावर मोकळी जागा हवी म्हणून धरण काठोकाठ भरून चालत नाही, आणि पुढच्या दुष्काळासाठी ते रिकामं ठेवूनही चालत नाही. धरण कधी भरायचं आणि कधी मोकळं ठेवायचं, हा आपल्याकडं दर पावसाळ्यात रंगणारा वाद तुम्हाला एकट्यानं, स्वतःशीच घालावा लागतो.

ज्यांना असं खेळून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. फोकटेल्स घ्या, सुरुवातीला त्यांची शेती सोपी जाते. घरं एकदम बांधू नका, नाहीतर सगळी पिल्लं एकाच वेळी होतात, एकाच वेळी म्हातारी होतात आणि मधेच कामाला हात उरत नाहीत. तळाच्या बंधाऱ्यात फ्लडगेटऐवजी स्लूस बसवा. खालच्या बाजूची खोली किती झाली की बंद व्हायचं हे त्याला आधीच सांगून ठेवता येतं, दर वेळी हातानं दरवाजा हलवायला नको. पहिले एक-दोन दुष्काळ नियम ढिला ठेवा, मग कडक करा. सातारा, कराड, सांगलीकडचं कोणी हा गेम खेळत असेल तर कमेंटमध्ये आपल्या धरणाचा फोटो टाका. कोयना आणि वारणेच्या उतारांवर बेतलेला एक नकाशा गेमच्याच मॅप एडिटरमध्ये करायला घेतलाय, कराडच्या संगमाची उंची अजून नीट बसत नाहीये. त्या भागातल्या कोणाला मदत करायची असेल तर मेसेज करा.