गावठी भाताला रोग लागत नाही?

सरद म्हणजे पावसाळी शेतीच्या तोंडावर गोव्यातील शेतकऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की गावठी भाताला रोग लागतच नाही, रोगप्रतिकारक वाणांच्या पानांत परकी जनुके घुसवून विष तयार केलेले असते, आणि असे वाण एकदा पेरले की रोगाची काळजी कायमची मिटते. यातले एकही विधान टिकत नाही.

१९४२ साली बंगालमध्ये तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीने भात झोपवले, तेव्हा भाताचे संकरित बियाणे अस्तित्वातही नव्हते. झोपले ते गावठी भातच. आपल्या खाजनांतील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतील, कोरगुट हा गावठी भात खारे पाणी सोसतो, हे कौतुक रास्त आहे. परंतु मीठ सोसणे आणि रोगाला पुरून उरणे हे वेगवेगळ्या जनुकांचे काम असल्याने एकावरून दुसरे गृहीत धरता येत नाही.

विषाचा दावा अधिक घातक आहे. परक्या जिवाचे जनुक घातलेल्या भाताला भारतात व्यावसायिक लागवडीची परवानगीच नाही. हैदराबादच्या संशोधकांनी २००८ साली आणलेल्या सुधारित सांबा मसुरीत कडा करपा या पाने कडेने करपवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाविरुद्धची तीन जनुके आहेत, पण ती साध्या संकरातून आणि जनुकीय खुणा तपासून केलेल्या निवडीतून आली. त्यांपैकी एक्सए-२१ हे मुळात आफ्रिकेतील रानटी भाताचे असून, त्यामुळे पेशीला जिवाणूची चाहूल लागते. एक्सए-१३ ची तऱ्हा न्यारी आहे. कडा करप्याचा जिवाणू पेशीत स्वतःचे प्रथिन सोडून साखर बाहेर सोडणारे भाताचेच जनुक चालू करतो आणि त्या साखरेवर पोसला जातो. एक्सए-१३ असलेल्या रोपात त्या जनुकाची कळच बदललेली असल्याने ते प्रथिन तिथे बसत नाही आणि जिवाणूची उपासमार होते. यात विष कुठे आले?

कायमच्या संरक्षणाचे म्हणाल, तर जिवाणूही बदलतात. एकट्या जनुकावर विसंबलेले वाण पुढे बळी पडल्याची उदाहरणे आहेत, म्हणूनच तीन जनुके एकत्र गुंफली गेली. शिवाय ही जनुके बुरशीमुळे होणाऱ्या करप्याला रोखत नाहीत. त्यामुळे पान कडेने पिवळे पडू लागले की त्याचा रोगट तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरू लागले, तर तो जिवाणू समजावा, बुरशीनाशकावर खर्च करू नये आणि युरियाचा पुढचा हप्ता आवरता घ्यावा.