चीन कोरियात न सांगता घुसला नव्हता

कोरिया युद्धाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: १९५० मध्ये चीनने कसलाही इशारा न देता, स्टालिनच्या हुकमावरून, निःशस्त्र माणसांचे लोंढे अमेरिकी तोफांवर लोटले. यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि पहिलं तर आपल्याच राजदूताने पोहोचवलेला निरोप पुसून टाकतं.

‘इशारा न देता’? २५ जूनला उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन बंदरात उतरलेल्या अमेरिकी फौजांनी डाव उलटवला आणि त्या ३८व्या अक्षांशाकडे, म्हणजे दोन्ही कोरियांमधल्या विभाजनरेषेकडे निघाल्या. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री बीजिंगमधले भारतीय राजदूत के. एम. पणिक्कर यांना उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे नेण्यात आलं. चीन-अमेरिका राजनैतिक संबंधच नव्हते, म्हणून निरोप भारतामार्फत. तो अगदी नेमका होता: दक्षिण कोरियाच्या सैन्याने रेषा ओलांडली तर आमचं काही म्हणणं नाही, अमेरिकी सैन्याने ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. वॉशिंग्टनने पणिक्करांना चीनधार्जिणे ठरवलं आणि ही पोकळ धमकी आहे असं मानलं. आठवडाभरात अमेरिकी तुकड्या रेषेपलीकडे गेल्या. १५ ऑक्टोबरला पॅसिफिकमधल्या वेक बेटावर अमेरिकी सरसेनापती मॅकआर्थर यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सांगितलं, चीन उतरण्याची शक्यता फारच कमी. १९ तारखेला चिनी फौजा चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडत होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तर कोरियातल्या उन्सानला अमेरिकी रेजिमेंटला झोडपून त्या डोंगरांत मागे सरल्या. त्यानंतरही, २४ नोव्हेंबरला, मॅकआर्थर यांनी यालूच्या दिशेने चढाई सुरू केलीच. ‘कळलंच नाही’ असं कोण म्हणू शकतो?

स्टालिनने १ ऑक्टोबरला फौज मागितली, हे खरं. पण नुसता हुकूमच असता तर बीजिंगमध्ये एवढा खल झाला नसता. चिनी सेनानी लिन बियाओ यांनी सेनापतिपद नाकारलं, मग पेंग देहुआई आले. सोव्हिएत विमानांचं संरक्षण लगेच मिळणार नाही हे कळल्यावर माओंनी हालचाली थांबवल्या, आणि १३ ऑक्टोबरला त्याशिवायच जायचं ठरवलं. अमेरिकी सैन्य यालूच्या काठावर येऊन बसेल, ही भीती त्यांची स्वतःची होती.

‘निःशस्त्र लोंढे’ हा शब्द त्या सैनिकांवर सर्वात मोठा अन्याय करतो. समोरासमोरच्या चढाया झाल्या आणि त्यात अतोनात माणसं मेली. पण मूळ पद्धत वेगळी होती: रात्री चालायचं, दिवसा विमानांपासून लपायचं, छोट्या तुकड्यांनी बगलेतून शिरून मागचा रस्ता तोडायचा. बंदुका होत्या, त्यातल्या कितीतरी जपानी आणि अमेरिकी बनावटीच्या, आधीच्या युद्धांत हाती लागलेल्या. कमी होतं ते अन्न आणि दारूगोळा. पाठीवरची शिदोरी आठवडाभर पुरे, मग चढाई थांबे. अमेरिकी सेनापती रिजवे यांनी हेच हेरलं आणि १९५१ मध्ये डाव फिरवला. उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी पातळ सुती कपड्यांतले कित्येक चिनी सैनिक गोळी लागण्याआधीच थंडीने गोठून गेले.

चीनची बाजू स्वच्छ होती असं मी म्हणत नाही. चीनने या फौजेला दिलेलं ‘स्वयंसेवक’ हे नाव धादांत खोटं होतं. ते नियमित सैन्यच होतं. शस्त्रसंधीनंतर घरी परतायला नकार देणारे चौदा हजारांहून जास्त चिनी युद्धकैदी त्यांच्या देखरेखीसाठी आलेल्या भारतीय दलाच्या ताब्यात आले. त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. चिनी अधिकारी येऊन समजावत राहिले, तरी जानेवारी १९५४ मध्ये त्यातले बहुतेक सगळे तैवानला गेले.