सोळा अँपिअरचा संसार

जानेवारीत ग्वाल्हेरला येणारे पाहुणे किल्ला बघायचं आणि तिळाची गजक न्यायचं ठरवून येतात. आंघोळीचा विचार कुणी केलेला नसतो. पारा पाच अंशांच्या खाली गेला की शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घरात गीझर, रूम हीटर आणि चहाची केटली एकदमच कामाला लागतात. घराच्या मागच्या बाजूला वायरिंगची एकच लाइन आहे, तीही पूर्वी फक्त दिव्या-पंख्यासाठी ओढलेली. थोड्या वेळाने पेटीतून ‘टक’ असा आवाज येतो आणि सगळीकडे अंधार.

इतरांच्या घरी माणूस जातो आणि खटका वर करतो. आमच्याकडे त्या पेटीसमोर माझे सासरे उभे असतात. अप्पा शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि ते निवृत्त झाले आहेत असं फक्त शाळेला वाटतं. कानटोपी, मफलर, हातात टॉर्च.

“आधी लोड सांगा. मग लाइट येईल.”

न्हाणीघरात, डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत, दाराच्या फटीतून मी ओरडते, “गीझर २००० वॉट, भागिले २३० व्होल्ट, आठ पॉइंट सात!”

“आठ पॉइंट सात काय, सूनबाई? आंबे?”

“अँपिअर, अप्पा!”

हीटरही २०००चा, म्हणून त्याचेही ८.७. केटली १५००ची, तिचे साडेसहा. बेरीज २३.९ आणि पेटीतला एम.सी.बी., म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, १६चा. हे सगळं पाठ झालेलं असलं तरी रोज म्हणावंच लागतं. मागे इंदूरहून माझा भाचा आला होता, आयटीतला इंजिनिअर. त्याने न्हाणीघरातून हिशेबासाठी मोबाइल मागितला, तर अप्पा म्हणाले, “टॉवेल मिळेल.”

खरा घोळ त्या एम.सी.बी.च्या स्वभावात आहे. शॉर्ट सर्किट झालं तर तो क्षणात पडतो. पण भार थोडासाच जास्त असेल तर आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापत तापत हळूहळू वाकते आणि मग खटका सोडते. म्हणजे गुन्हा आत्ता आणि निकाल काही मिनिटांनी. तोवर गुन्हेगार चहा घेऊन अंगणात उन्हाची वाट बघत बसलेला असतो आणि ज्याने शेवटचं बटण दाबलं, तो पकडला जातो. मोबाइलचा चार्जर लावला म्हणून आमच्या मुलीने बोलणी खाल्ली आहेत. चार्जर बिचारा २० वॉटचा! त्याचा करंट काढायचा तर दशांशचिन्हानंतर शून्यापासून सुरुवात करावी लागते.

विजेचा नियम मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ ओहमबद्दल अप्पांना भाऊबंदकीचं प्रेम आहे, कारण तोही शाळामास्तर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले, १८२७ साली पुस्तक काढलं आणि त्याच्याच देशात त्याला कुणी फारसं विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ साली. “चौदा वर्षं!” अप्पा म्हणतात, “पुरता वनवास.” यावर सासूबाई फक्त स्वयंपाकघरातून भांडं आपटतात.

एकदा त्यांनी मल्टिमीटर आणला. १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, काढायचा होता. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, उत्तर ५२९ ओहम. मीटरने दाखवले चाळीसच्या आसपास. मला वाटलं, आता अप्पा गप्प होतील. छे, ते खुलले! मीटर मोजतो तो थंड तारेचा रेझिस्टन्स, आणि टंगस्टनची तार पेटून पांढरी झाली की तो दहा-बारा पट वाढतो. ५२९ हा पेटलेल्या बल्बचा आकडा. सासूबाईंचं नेमकं उलट आहे असं मी मनात म्हटलं. त्यांचा विरोध थंडीतच सर्वांत जास्त असतो.

“गीझर म्हातारा झालाय, पाणी तापत नाही,” ही त्यांची तक्रार. अप्पांचं म्हणणं, गीझर ठणठणीत आहे, व्होल्टेज मेलंय. सकाळी अख्ख्या लष्करातले गीझर एकदम लागतात आणि आमच्याकडे १९० व्होल्टच पोचतात. गीझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स तापूनही फारसा हलत नाही, २६.४५ ओहम धरा. मग १९०चा वर्ग भागिले २६.४५, साधारण १३६५ वॉट. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने कमी, पण ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने गेली, कारण वर्ग आला. पंधरा लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला २१ मिनिटं लागायची, तिथे ३१. घरातली माणसं आंघोळीला एकामागून एक असतात, त्यामुळे शेवटच्याच्या वाट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वाट्याला, ऑफिसची वेळ येते आणि पाणी येत नाही.

शेवटी सासूबाईंनीच परस्पर वायरमन बोलावला. त्याने पेटी उघडली, वायर चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, “मास्साब, गीझर की लाइन अलग खिंचवा लो, बस.” जाड वायर, वेगळा एम.सी.बी., मोठ्या पिनचं सॉकेट. दुपारपर्यंत काम झालं. त्याने एकही भागाकार केला नाही, हे अप्पांना लागलं.

काही दिवस घर शांत होतं. लाइट जाईना, कुणी काही विचारीना. मग अप्पांना घराच्या वीजमीटरवर बारीक अक्षरांत छापलेलं सापडलं की एका युनिटला त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. गीझर हळू तापला तर बिल जास्त येतं, असं सासूबाईंचं ठाम मत. अप्पांचं म्हणणं, वेळ वाढला तरी युनिट तेवढंच, ०.७, म्हणजे २२३०च्या आसपास लुकलुक. ते आता सिद्ध व्हायचंय. मोजणी चालू असताना फ्रिज, हीटर, टीव्ही, दिवे, सगळं बंद.

आज बाराशेपर्यंत पोचले होते. तेवढ्यात सासूबाईंनी केटली लावली.

“पहिल्यापासून!” पेटीकडून आवाज आला. पहिल्यापासून म्हणजे गीझरमध्ये पुन्हा थंड पाणी हवं. तेव्हा आतलं अर्धवट कोमट पाणी संपवायला माझ्या नवऱ्याला आत पाठवण्यात आलं.